वरचं निशाण पडेपर्यंत

आमच्या पंचक्रोशीत माझ्या आवाजाला तोड नाही, असं लोक म्हणतात. मी त्यांना कधी अडवलेलं नाही. चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत ज्या ज्या गावाच्या यात्रेत बैलगाडा शर्यत भरते, तिथे माईक धरून मी एकदा तरी उभा राहिलेलो आहे. आठवडाभर मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत तयार माल तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी घाटात बैल तपासतो. आमची जमीनही त्याच कंपनीत गेली. आज जिथे पेंट शॉप आहे तिथे आमचा कांदा होता, आणि माती अशी की आजही तिथली फरशी उकरून कांदा लावला तर दणकून येईल.

ज्यांनी शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घाट म्हणजे चढाची सरळ धाव. खालचं निशाण पडलं की गाडा सुटतो, चार बैल उधळतात, त्यांच्यापुढे घोडीवरचा स्वार पळतो, आणि वरची रेघ ओलांडली की वरचं निशाण पडतं. या एका दौडीला बारी म्हणतात. तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत ती संपलेली असते. तेवढ्यात गाडा कोणाचा, कोणता बैल उसळला, कोणता ढेपाळला हे सगळं लोकांच्या कानात घालायचं आणि शेवटी ‘झाली, झाली, झाली!’ म्हणून आभाळ हलवायचं, हे निवेदकाचं काम. बाकीचे निवेदक मध्ये श्वास घेतात. मी घेत नाही. माझी बारी एका दमाची. खालचं निशाण पडायच्या आधी छाती भरून घ्यायची ती तिसरं ‘झाली’ म्हणेपर्यंत पुन्हा भरायची नाही, एवढ्यावर माझं सगळं नाव उभं आहे.

आणि एक रिवाज आहे. वरचं निशाण पडायच्या आधी ‘झाली’ म्हणायचं नाही. बैल अगदी शेवटच्या हाताला बाजूच्या रेघेबाहेर गेले तर बारी बाद होते, निशाण पडतच नाही, आणि निवेदक भर यात्रेत तोंडावर आपटतो. अशा उतावळ्याने माईक खाली ठेवायचा आणि दिवस मावळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. असे गप्प बसलेले निवेदक मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी बसून त्यांना चहासुद्धा पाजलाय, जरा हसत हसत.

मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. बैल गोठ्यात, माईक पेटीत आणि मी ओव्हरटाइमला. त्या काळात मी पोटाने वाढलो, मुलीचं लग्न लावून तिला चऱ्होलीला पाठवलं आणि छातीत काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. पत्ता लागणार कसा? जिथे दम लागतो ते कामच बंद. कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची, कार्डिओग्राम निघायचा आणि डॉक्टर ‘ठीक’ म्हणायचे. आता, आडवं पडून काढलेला कार्डिओग्राम. आडवं पडल्यावर आमच्या गावात सगळेच ठीक असतात.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गावात दिवाळी झाली. मी माईक पुसला, फेटा बांधला आणि पहिल्याच मोसमात लक्षात आलं की बारी लांबलीय. बैल तेच, घाट तोच, पण शेवट येता येता छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळायचं आणि जबड्यापर्यंत ओढ लागायची. मी पित्त म्हणालो. ओवा चावला, सोडा प्यालो, मिसळ सोडली. मिसळ सोडण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिचा काही संबंध नव्हता.

मग आमच्याच गावची यात्रा आली. दुपारची वेळ, घाट खचाखच भरलेला. खालचं निशाण पडलं, मी सुरू झालो, गाडा निम्म्यावर आला आणि मी थांबलो. थांबलो म्हणजे थांबवला गेलो. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. भोंग्यातून नुसती शांतता बाहेर पडत होती आणि सगळा घाट वर मचाणाकडे बघत होता. “माईक गेला, माईक गेला,” असं कोणीतरी ओरडलं. मला ते पटलंच. दम परत आल्यावर मी आधी ॲम्प्लिफायरला लाथ घातली.

माझा साउंडवाला माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा सोबती. त्याने वायर तपासली, माईक स्वतःच्या तोंडाजवळ नेला, ‘हॅलो’ म्हणून पाहिलं. ते ‘हॅलो’ पार खालच्या ओढ्यापर्यंत गेलं.

“माईक चालू हाय, आण्णा,” तो हळूच म्हणाला. “तुमीच बंद पडलाय.”

चिंचवडच्या हॉस्पिटलात मला पळत्या पट्ट्यावर चालवलं आणि लवकरच उतरवलं. मग मनगटातून नळी घालून हृदयाचं चित्र काढलं. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, रत्नागिरीकडच्या, कमी बोलणाऱ्या. कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. त्यांनी मला आणि बायकोला पडद्यासमोर बसवून दाखवलं. डाव्या बाजूच्या धमन्या झाडासारख्या पसरलेल्या होत्या. उजवी सुरू व्हायची आणि बोटभर पुढे जाऊन संपायची, छाटलेल्या फांदीसारखी.

“पूर्ण बंद आहे,” त्या म्हणाल्या. “आजकालची नाही. निदान काही वर्षांची.”

“बंद आहे तर मी जिवंत कसा?”

“चाकणला राहता ना? तळेगाव चौक जाम असला की काय करता?”

“आतल्या रस्त्यानं जातो.”

“तुमचं रक्तही तेच करतंय.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. डाव्या बाजूने निघालेले बारीक, वेडेवाकडे धागे आडवाटेने उजवीच्या शेवटापर्यंत पोचत होते. “हृदयाने स्वतःच काढलेत हे रस्ते. पण आतल्या रस्त्याने दुचाकी जाते, ट्रक जात नाही. बसायला-उठायला एवढं पुरतं. जोर लावला की कमी पडतं.”

मला माझ्या हृदयाचा अभिमान वाटला, आणि मी तो बोलूनही दाखवला. बायकोने मला कोपराने ढोसलं.

पुढे त्या जे बोलल्या ते मला आवडलं, कारण त्यात तिखटमीठ नव्हतं. आधी गोळ्या देऊन बघू. गोळ्यांनी भागलं नाही तर तार घालून ती धमनी उघडायचा प्रयत्न करता येतो. एवढा जुना अडथळा दगडासारखा होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. “आणि उघडली तर आयुष्य वाढेल असं मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्रास कमी होईल, दम वाढेल. तुम्हाला दम कशासाठी हवाय?”

“बारीसाठी,” मी म्हणालो.

“आता दम वाढवून काय करायचाय?” बायको म्हणाली. “आधीच काय कमी बोलत्यात व्हय?”

परतताना मोशीच्या अलीकडे गाडी रखडली तेव्हा मात्र तिचा सूर वेगळा होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्या दिशी मी बायांमधी बसले हुते. समद्या म्हनल्या माईक गेला. मला तवाच कळलं हुतं. माईक गेला की खरखर येती. खरखर आली न्हाई.” मी घाबरलो होतो, हे तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं, मनातल्या मनात का होईना.

गोळ्यांनी चांगला गुण आला. कंपनीतला जिना चढू लागलो, शिफ्ट भरू लागलो. पण एका सकाळी विहिरीजवळ कोणी नाही असं बघून मी छाती भरली आणि मनातला गाडा सोडला. गाडा निम्म्यावर आला आणि मूठ आवळली गेली. विहिरीत उतरलेली कबुतरं तेवढी उडाली. मी घरी येऊन सांगितलं, तार घालायची.

बायकोने दोन दिवस माझ्याशी भांडण केलं. माणसं अर्ध्या दमानेही जगतात, तिचं म्हणणं. जगतात, मी म्हणालो, पण मग ती माणसं दुसऱ्याच्या बारीला टाळ्या वाजवतात. ते माझ्याच्याने होणार नव्हतं. तिला ते माहीत होतं, म्हणून तर ती भांडत होती.

पहिल्या खेपेला मला वाटलं होतं की भूल देतील. भूल नाही. मनगट आणि जांघ तेवढी बधिर केली आणि दोन्हीकडून नळ्या घातल्या, एक डाव्या धमनीत रंग सोडायला, दुसरी उजवीच्या तोंडाशी. खोलीत थंडी अशी की दात वाजावेत. सगळ्यांच्या अंगात शिशाचे जड कोट, वर मान फिरवणारं एक्स-रेचं यंत्र, आणि बाजूला मोठा पडदा. पडद्यावर माझं हृदय उड्या मारत होतं. काचेपलीकडच्या खोलीत तंत्रज्ञ बसलेला, त्याचा आवाज छताच्या स्पीकरमधून यायचा.

डॉक्टरांनी केसाएवढी तार आत सोडली. टोकाला जरा वाकडी. ती त्या बंद तोंडावर जाऊन टोचायची, वळायची, पुन्हा टोचायची. मऊ तार जमेना तेव्हा कडक घेतली, मग त्याहून कडक. बाई एका हाताने ती चिमटीत फिरवत होत्या, इतकी हळू की मला त्यांची बोटं हललेली दिसायची नाहीत, फक्त पडद्यावर टोक वळायचं. बराच वेळ असा गेला. मी पडद्यावरची नजर काढली नाही. आयुष्यभर मी एकच काम केलंय, पळणाऱ्यावर नजर ठेवणं.

आणि एकदम ती तार हलली. सरळ पुढे.

“मॅडम, चालली,” स्पीकरमधून आवाज आला. “चालली... चालली...”

भोंग्यातून ‘चालली, चालली’ असं ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करावं? माझी छाती आपोआप भरली. तार पुढे सरकतेय, रेघ जवळ येतेय, आणि मी त्या थंड खोलीत घाटातल्या आवाजात गर्जलो, “झाली! झाली! झाली!”

पडद्यावर हृदय असं उसळलं की विचारू नका. उजवीच्या तोंडाशी धरून ठेवलेली नळी टुणकन बाहेर आली आणि तिच्यामागोमाग तारही निघाली. एक नर्स दचकून भिंतीला टेकली. बाईंनी हात जिथल्या तिथे धरले होते.

“काका,” त्या शांतपणे म्हणाल्या. “काय झाली?”

“बारी,” मी म्हणालो.

त्यांनी नळी पुन्हा बसवली, रंग सोडून पाहिला आणि खरं ते सांगितलं. तार धमनीच्या वाटेत गेलीच नव्हती. ती भिंतीच्या पापुद्र्यात शिरली होती. पुढे सरकताना दिसली, पण रेघेबाहेरून. मी ओरडलो नसतो तरी त्या तिला मागेच घेणार होत्या. आणखी थोडा वेळ त्यांनी प्रयत्न केला, मग हातातली तार खाली ठेवली. “आज थांबू. रंग बराच गेलाय, मूत्रपिंडांना सोसायला हवा. आणि हट्ट केला तर धमनी फाटेल.”

मला खोलीत आणलं. मी छताकडे बघत पडून राहिलो. गाडा रेघेबाहेर आणि मी ‘झाली’ म्हणून मोकळा. सबंध हयातीत जे घाटात केलं नाही ते मी स्वतःच्याच हृदयावर करून बसलो होतो. रिवाज म्हणजे रिवाज. मी माईक खाली ठेवला.

बायको आली, तिने विचारलं, “कसं वाटतंय?” मी गप्प. “पानी देऊ?” मी मान हलवली. “अवो, बोला की.” मी डोळे मिटले. लग्नापासून तिने मला एवढा वेळ गप्प पाहिलेलं नव्हतं. ती थेट बाहेर धावली. “सिस्टर, ह्ये बोलत न्हाईत! डोक्यात कायतरी झालंया!”

मग जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. नर्स आली, दुसरी आली, हात वर करा, पाय उचला, जीभ दाखवा, हसा. मी हसलो नाही, म्हणून त्या आणखी घाबरल्या. शेवटी डॉक्टरबाई स्वतः पळत आल्या आणि टॉर्च माझ्या डोळ्यांत मारला. त्यांचं कपाळ घामाने भरलेलं बघून मला रिवाज मोडावा लागला.

मी त्यांना सगळं सांगितलं. खालचं निशाण, वरचं निशाण, उतावळा निवेदक आणि मावळेपर्यंतचं मौन. बायकोने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. बाई पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “वरचं निशाण कोणाच्या हातात असतं?”

“ज्याला घाई नसते त्याच्या,” मी म्हणालो.

धमनीची भिंत भरून यायला वेळ द्यायचा होता, म्हणून पुढची खेप दीड-दोन महिन्यांनी ठरली. तोवर गावाने माझा निकाल लावला. पारावर बातमी होती की डॉक्टरांनी हात टेकले. एकजण मला बघायला आला आणि माझ्यासमोरच बायकोला धीर देऊन गेला. पण खरा घाव यात्रा कमिटीने घातला. चौघेजण चहाला आले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना म्हणाले की यंदा तुम्ही नुसतं मचाणावर बसायचं, मानाचा फेटा तुमचाच, बोलायला खेडकडचा निवेदक सांगितलाय.

“तो मध्ये श्वास घेतो,” मी म्हणालो.

“आण्णा, आता श्वास तर समदेच घेत्यात.”

“फेटा त्यालाच बांधा,” मी म्हणालो. “मी बोलायला येईन नाहीतर येणार नाही.”

ते गेल्यावर बायकोने कपबशा उचलल्या आणि म्हणाली, “म्या बी ह्येच सांगितलं असतं त्यास्नी.” तार नको म्हणून दोन दिवस माझ्याशी भांडलेली बाई ही. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याबरोबर कपबशा विसळायला गेलो आणि एक फोडली.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी बाईंनी बेत सांगितला. समोरून अडथळ्याचं तोंड कठीण आहे. या वेळी त्या मागून जाणार होत्या. डाव्या धमनीतून शिरायचं, हृदयाने स्वतः काढलेल्या त्या आडवाटांपैकी एकीतून तार न्यायची आणि अडथळ्याच्या पाठीमागे निघायचं. तिकडची बाजू बहुतेक मऊ असते. समोरून एक तार, मागून एक, आणि मध्ये गाठ घालून द्यायची. धोके त्यांनी लपवले नाहीत: आडवाट फाटू शकते, झटका येऊ शकतो, एखाद्या वेळी छाती उघडावी लागते. बायकोने माझ्या बाहीचं टोक धरलं ते सही होईपर्यंत सोडलं नाही.

“आणि एक अट,” बाई म्हणाल्या. “वरचं निशाण माझ्या हातात. मी टाकेपर्यंत अवाक्षर नाही. दुखलं तर सांगायचं, ते वेगळं. बाकी गप्प.”

“झोपेचं औषध देता?”

“देऊ शकते थोडं.”

“नको,” मी म्हणालो. “झोपून गप्प बसण्यात काय मोठेपणा?”

आणि मी गप्प बसलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तार डाव्या बाजूने उतरली आणि त्या आडवाटेच्या तोंडाशी आली. वाट सुताएवढी, नागमोडी, त्यात प्रत्येक ठोक्याला आकसायची आणि सुटायची. बाई ढकलत नव्हत्या. टोक ठेवून थांबायच्या, ठोक्याने वाट दिली की तेवढीच सरकायच्या. एका वळणावर अडलं. त्यांनी तार मागे घेतली आणि दुसरी वाट धरली. मग तीही सोडली. माझ्या छातीत दुखू लागलं, मी हळू आवाजात तेवढं सांगितलं, त्यांनी औषध दिलं आणि थांबल्या. मी मनातल्या मनात भीत होतो की आता पुन्हा ‘आज थांबू’ म्हणतात की काय. तसं झालं असतं तर तिसरी खेप मागायचा धीर मला झाला नसता, आणि खेडकडच्या निवेदकाला मी जन्मभर ऐकत बसलो असतो.

तिसऱ्या वाटेने तार गेली. वळली, वळली आणि पलीकडे उजवीच्या शेपटाला जाऊन निघाली, तिथून उलटी वर चढू लागली. मी हे कधी पाहिलं नव्हतं. गाडा वरून सोडलाय आणि खालच्या निशाणाकडे निघालाय.

“चालली,” स्पीकर म्हणाला. मग तो जीभ चावल्यासारखा गप्प झाला. त्यालाही ताकीद दिलेली असणार.

दोन तारा समोरासमोर आल्या. मध्ये थोडंसं अंतर, आणि त्या एकमेकींच्या शेजारून निघून जात होत्या. बाईंनी समोरच्या तारेवरून बारीक फुगा नेला, फुगवला, जागा केली. छातीत कळ आली. मी दात दाबले. फुगा काढला आणि मागची तार त्या जागेतून सरळ उजवीच्या तोंडाशी असलेल्या नळीत शिरली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बाईंच्या मदतीला उभे असलेले डॉक्टर म्हणाले, “आत आहे वाटतं.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी यंत्र एका बाजूने फिरवून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. फुगे झाले, स्टेंट बसले. रंग सोडला. छाटलेल्या फांदीतून काळी रेघ सरसर खाली उतरली, पार टोकापर्यंत गेली आणि तिला लहान लहान फांद्या फुटल्या. माझी छाती आपोआप भरली होती. गळ्यापर्यंत आलेलं ते मी तिथेच दाबून धरलं. बाई अजून बोलल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा रंग सोडला, पुन्हा शेवटापर्यंत बघितलं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी आदरही वाटला, कारण घाटाच्या माथ्यावर मला असाच माणूस हवा असतो.

मग त्यांनी हातमोज्यातला हात वर नेला आणि खाली टाकला.

“काका, पडलं निशाण.”

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत गेलं. ‘झाली’ म्हणालो खरा, पण ते मांजराच्या पिल्लाने म्हटल्यासारखं. तेव्हा स्पीकरमधून तंत्रज्ञाने माझ्या वतीने ‘झाली, झाली, झाली!’ ठोकून दिलं. त्याला जमलं नाही, तिसरं ‘झाली’ अगदीच खाली पडलं. पण त्या दिवशी कोणाला नावं ठेवायच्या स्थितीत मी नव्हतो.

बाहेर बायको उभी होती. मला स्ट्रेचरवर बघून तिने पहिला प्रश्न केला, “बोलताय का?” मी म्हणालो, “बोलतोय.” ती तिथल्या बाकावर बसली आणि मोठ्याने रडली.

पुढे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रोजचं चालणं आणि तपासण्या. यात्रेच्या आठवडाभर आधी मला पुन्हा पट्ट्यावर चालवलं. या वेळी पट्टा मीच थांबवायला लावला, कारण चालून चालून कंटाळलो. “घाटात जाऊ का?” असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “जा. पण पळायचं बैलांनी.” कमिटीला मी काही विचारलं नाही. मचाणावर चढलो आणि हात पुढे केला. खेडकडचा निवेदक शहाणा माणूस. त्याने माईक दिला.

साउंडवाला माझ्याकडे बघत होता. बायांच्या गर्दीत पुढे बायको बसली होती, आणि ती गाड्याकडे बघत नव्हती. खालचं निशाण पडलं. मी छाती भरली आणि सुटलो. गाडा निम्म्यावर आला. जिथे मूठ आवळायची ती जागा आली आणि गेली, काही झालं नाही, आवाज तसाच चढत राहिला, बैल उसळले, घोडी रेघेपार झाली, तिच्यामागून गाडा आला. डावा बैल अगदी बाजूच्या रेघेला घासून. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, सगळ्यांनी वर माझ्याकडे बघितलं.

मी गप्प राहिलो.

माथ्यावरचा म्हातारा निशाण धरून खाली वाकला होता, खुरांच्या खुणा बघत होता. त्याला घाई नव्हती. माझ्या छातीत दम शिल्लक होता, तो मी धरून ठेवला. भोंग्यातून नुसती शांतता बाहेर पडत होती. सगळा घाट स्तब्ध. साउंडवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने धावत येऊन माझा दंड धरला.

तेवढ्यात निशाण पडलं. त्याच दमात मी ‘झाली, झाली, झाली!’ म्हणालो, आणि तिसरं ‘झाली’ ओढ्यापलीकडून परत आलेलं मी ऐकलं. खाली बायकोने पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीशी गप्पा मारायला लागली.

साउंडवाला अजून दंड धरूनच होता. “आण्णा,” तो म्हणाला, “मला वाटलं...”

“माईक चालू हाय,” मी म्हणालो. “अन् मी बी.”